डच विद्यापीठांची दारं उघडी राहिली पाहिजेत

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी हेग शहरातल्या मालीफेल्ड मैदानावर सुमारे वीस हजार माणसं जमली. प्राध्यापक, संशोधक, ग्रंथालयांतले कर्मचारी, पदवीच्या पहिल्या वर्षाची मुलं. त्याआधी उट्रेख्टमध्ये ठरलेली सभा सुरक्षेच्या कारणावरून ऐनवेळी पुढे ढकलावी लागली होती, तरीही लोक आले. नेदरलँड्समधला विद्यापीठात काम करणारा माणूस सहजासहजी रस्त्यावर उतरत नाही. तो चर्चा करतो, अहवाल लिहितो, समिती नेमतो. त्या दिवशी त्याच्या हातात फलक होता. त्याच वर्षी सत्तेवर आलेल्या चार पक्षांच्या सरकारने शिक्षण आणि संशोधनावर मोठी कपात जाहीर केली होती. त्या कपातीच्या यादीत एक नोंद परदेशी विद्यार्थ्यांची होती: त्यांची संख्या कमी करायची आणि त्यातून पैसा वाचवायचा.

त्या एका नोंदीबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. पुण्यात, नाशिकला किंवा कोल्हापुरात बसून मुलांसाठी परदेशातली विद्यापीठं धुंडाळणाऱ्या पालकांशी बोलायचं आहे. डेल्फ्ट, आइंडहोव्हन, वाखेनिंगनला शिकून इथेच स्थिरावलेल्या मराठी मंडळींशी बोलायचं आहे. शिकून मायदेशी परतलेल्यांशी तर जास्तच. मीही शिक्षणासाठीच या देशात आले आणि इथे राहिले. म्हणून या विषयात तटस्थ राहणं मला जमणार नाही, आणि तसा आवही मी आणणार नाही.

आधी परिस्थिती काय आहे ते पाहू. २००५-०६ या वर्षी पदवीसाठी नेदरलँड्समध्ये शिकत असलेले परदेशी विद्यार्थी ३३ हजारांच्या आसपास होते. २०२१-२२ मध्ये ते १ लाख १५ हजार झाले, आणि त्यानंतर १ लाख ३० हजारांपर्यंत पोहोचले. २०२१-२२ साली संशोधन विद्यापीठांत पहिल्यांदा दाखल झालेल्या दर दहा विद्यार्थ्यांपैकी चार बाहेरच्या देशांतले होते. हा आकडा त्या वर्षी सगळ्या वर्तमानपत्रांनी छापला आणि राजकारण पेटलं. यातले बहुसंख्य विद्यार्थी युरोपातलेच. जर्मनीतले सर्वांत जास्त, त्यामागे इटली, रुमानिया, स्पेन. भारतीय विद्यार्थी काही हजार. म्हणजे ज्या गर्दीची भीती घातली जाते, तिच्यात आपण मूठभर आहोत. पण कात्री चालते तेव्हा ती मूठभरांना वगळून चालत नाही.

आता उतार सुरू झाला आहे. २०२४ च्या शैक्षणिक वर्षात विद्यापीठांच्या पदवी अभ्यासक्रमांत येणाऱ्या नव्या परदेशी विद्यार्थ्यांची संख्या सुमारे पाच टक्क्यांनी घटली, आणि पुढच्या वर्षीही ती सावरली नाही. एकूण आकडा अजून मोठा दिसतो, कारण आधी आलेली मुलं अजून शिकत आहेत. पण प्रवेशाची संख्या आधी घटते आणि एकूण पट तीन-चार वर्षांनी. तेव्हा आकडा मोठा आहे म्हणून निर्धास्त राहण्याची ही वेळ नाही.

ही घट आपोआप झालेली नाही. २०२२ च्या डिसेंबरात तेव्हाचे शिक्षणमंत्री रोबर्ट डाइकग्राफ यांनी विद्यापीठांना परदेशात जाऊन विद्यार्थी गोळा करणं थांबवायला सांगितलं. हे डाइकग्राफ स्वतः नामांकित गणिती भौतिकशास्त्रज्ञ. मंत्री होण्यापूर्वी दहा वर्षं ते अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या प्रगत अध्ययन संस्थेचे संचालक होते, म्हणजे परदेशी विद्वानांमुळेच जी संस्था मोठी झाली तिचे प्रमुख. त्यांना परदेशी विद्यार्थी नको होते असं मी म्हणणार नाही. त्यांना ओघ आवरायचा होता. त्यांनी तयार केलेला कायदा ‘समतोल आंतरराष्ट्रीयीकरण’ या नावाने ओळखला जातो. पदवी अभ्यासक्रमाचा दोन तृतीयांश भाग डच भाषेत असावा, त्याहून जास्त इंग्रजी हवी असेल तर सरकारची परवानगी घ्यावी, असा त्याचा गाभा. २०२४ च्या मे महिन्यात तो संसदेत मांडला गेला. मग सरकार बदललं, आणि नव्या सरकारच्या हाती तो समतोलाचा कायदा राहिला नाही. संख्या कमी करण्याचं आणि पैसा वाचवण्याचं ते हत्यार झालं.

संख्या कमी करण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांच्या तक्रारी खोट्या नाहीत. त्या आपण झटकून टाकल्या तर आपलं कुणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये.

घरांची तक्रार सर्वांत खरी. २०१८ मध्ये ग्रोनिंगन शहरात खोली न मिळालेल्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी तंबू उभारावे लागले होते. २०२२ मध्ये काही विद्यापीठांनी उघडच सांगितलं, की राहण्याची सोय झाली नसेल तर येऊ नका. खोली मिळवून देतो म्हणून आगाऊ पैसे घेऊन गायब होणारे भामटे दर ऑगस्टमध्ये नवी मुलं हेरतात. पण घरांची टंचाई परदेशी विद्यार्थ्यांनी आणलेली नाही. घरं बांधली गेली नाहीत, बांधकामाचे परवाने अडकले आणि विद्यार्थी वसतिगृहांत पुरेशी गुंतवणूक झाली नाही. त्याचा फटका डच विद्यार्थ्यांनाही तेवढाच बसतो. त्यातले कितीतरी जण पंचविशीतही आईवडिलांच्या घरून रेल्वेने ये-जा करतात.

वर्गातल्या गर्दीची तक्रारही खरी, पण तिचं मूळ वेगळ्या ठिकाणी आहे. डच सरकार विद्यापीठांना एक ठरावीक एकूण रक्कम देतं, आणि तिची वाटणी बऱ्याच अंशी विद्यार्थ्यांच्या संख्येवरून होते. ज्या विद्यापीठाकडे जास्त विद्यार्थी, त्याचा वाटा मोठा. एकूण रक्कम मात्र विद्यार्थ्यांच्या वेगाने वाढत नाही. परिणाम असा झाला, की प्रत्येक विद्यापीठ आपला वाटा राखण्यासाठी जास्त मुलं घेऊ लागलं आणि दर विद्यार्थ्यामागे मिळणारा पैसा घटत गेला. युरोपीय विद्यार्थी डच विद्यार्थ्याइतकंच शुल्क भरतो, २०२५-२६ साठी २,६०१ युरो. युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्याला त्याच्या कितीतरी पट भरावं लागतं. या शर्यतीत विद्यापीठांनी इंग्रजी पदव्या भराभर सुरू केल्या हे खरं आहे, आणि त्यांच्या व्यवस्थापनांना हा दोष टाळता येणार नाही. पण शर्यतीचे नियम सरकारने बनवले होते. ते बदलायचे सोडून धावणाऱ्यांनाच मैदानाबाहेर काढण्याची भाषा होऊ लागली, हा माझा मुख्य आक्षेप आहे.

भाषेची तक्रार मराठी माणसाला सर्वांत लवकर कळेल. विज्ञान, अभियांत्रिकी, वैद्यक यांचं उच्च शिक्षण मराठीत देण्याच्या चर्चा आपण पिढ्यानपिढ्या ऐकतो आहोत आणि प्रत्यक्षात काय झालं ते पाहतो आहोत. विद्यापीठाच्या वर्गातून भाषा निघून गेली की काही वर्षांनी तिच्यात त्या विषयाचं नवं काही लिहिलं जात नाही. तेव्हा एखादा डच प्राध्यापक काळजीने म्हणतो, की माझ्या विद्यार्थ्याला डचमध्ये न्यायनिवाडा किंवा मानसोपचार करायचा आहे आणि त्याची अख्खी पदवी इंग्रजीत झाली, तेव्हा मी त्याच्या बाजूने आहे. डच ही जगात अडीच कोटींच्या आसपास लोकांची भाषा. तिच्या विद्यापीठांनी तिला सांभाळलं नाही तर दुसरं कुणी सांभाळणार नाही.

पण दार लावून भाषा वाचते का? २०१९ मध्ये आम्सटरडॅमच्या फ्री युनिव्हर्सिटीने डच भाषा आणि साहित्याची पदवी बंद केली. कारण? विद्यार्थी मिळत नव्हते. त्या पदवीच्या जागा कुणा जर्मन किंवा भारतीय मुलाने अडवल्या नव्हत्या. डच मुलंच तिकडे फिरकत नव्हती. भाषा वाचवायची तर त्या विभागाला पैसा द्या, शाळेतलं वाचन सुधारा, परदेशी विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी डच शिकणं सक्तीचं करा आणि त्यासाठी शिक्षक नेमा. या शेवटच्या मागणीला आपण स्वतःहून पाठिंबा दिला पाहिजे. त्याबद्दल पुढे बोलते.

आता कात्री कुणावर चालते ते पाहू. माझ्या मते सगळ्या चर्चेत हीच बाजू सर्वांत कमी मांडली जाते.

नेदरलँड्सच्या अगदी दक्षिणेला लिंबर्ग प्रांत आहे. जर्मनी आणि बेल्जियम यांच्यामध्ये घुसलेली जमिनीची एक पट्टी. शंभर वर्षांपूर्वी देशाचा कोळसा इथून निघायचा. १९६५ मध्ये सरकारने खाणी बंद करण्याचा निर्णय जाहीर केला आणि १९७४ च्या अखेरीस शेवटची खाण बंद झाली. हजारो खाणकामगार बेकार झाले. गिरण्या बंद पडल्यावर गिरणगावाचं काय होतं हे मुंबईकराला सांगायला नको. त्या पडझडीला उत्तर म्हणून १९७६ मध्ये मास्ट्रिख्ट शहरात एक नवं विद्यापीठ उभं राहिलं. व्याख्यानं कमी, आणि छोट्या गटांत एकेका समस्येचा उलगडा करत शिकणं जास्त, ही त्याची रीत. सीमेवर असल्याने त्याने पलीकडच्या विद्यार्थ्यांकडे पाहिलं. आज तिथले निम्म्याहून जास्त विद्यार्थी परदेशी आहेत. लिंबर्गमधली तरुण डच मुलं आम्सटरडॅम, उट्रेख्टकडे निघून जातात आणि प्रांताची लोकसंख्या म्हातारी होत चालली आहे. तिथली दुकानं, दवाखान्यांतल्या प्रयोगशाळा, छोट्या कंपन्या या परदेशी तरुणांच्या येण्यावर तग धरून आहेत. हेगमध्ये बसून संपूर्ण देशासाठी एकच टक्केवारी ठरवली, तर गजबजलेल्या राजधानीत थोडी मोकळीक मिळेल, आणि लिंबर्गच्या माणसाला दुसऱ्यांदा सांगितलं जाईल की तुमचा उद्योग बंद.

पूर्वेकडच्या ट्वेंटे भागाचीही हीच कथा. एन्स्खेडे हे कापडगिरण्यांचं शहर. गिरण्यांना उतरती कळा लागत असताना, १९६१ मध्ये तिथे तांत्रिक विद्यापीठाची स्थापना झाली. झीलंडमध्ये, समुद्राच्या कडेला, मिडलबर्गसारख्या लहान गावात २००४ पासून एक छोटं महाविद्यालय इंग्रजीतून मुक्त कलांचं शिक्षण देतं आहे. ते गेलं तर झीलंडमधून विद्यापीठाच्या पातळीचं शिक्षण जवळजवळ हद्दपार होईल.

आर्थिक हिशेब मी थोडक्यातच सांगते, कारण तो सर्वांत सोपा आहे. सरकारच्याच मध्यवर्ती नियोजन संस्थेने २०१९ मध्ये हिशेब मांडला होता, की युरोपाबाहेरचा एक विद्यार्थी पुढे डच तिजोरीत निव्वळ ६९ हजार ते ९६ हजार युरोंची भर घालतो, आणि युरोपातला ५ हजार ते १७ हजारांची. २०२४ च्या सुरुवातीला चिप बनवण्याची यंत्रं तयार करणाऱ्या एएसएमएल या कंपनीच्या प्रमुखांनी इशारा दिला, की परदेशी बुद्धिमत्तेचा ओघ आटला तर कंपनीला बाहेर वाढावं लागेल. त्याच मार्चमध्ये सरकारने आइंडहोव्हन परिसरासाठी अडीच अब्ज युरोंची ‘बेथोव्हेन’ योजना जाहीर केली. एका हाताने तंत्रज्ञांसाठी अब्जावधी द्यायचे आणि दुसऱ्या हाताने तंत्रज्ञ होऊ पाहणाऱ्या मुलांची संख्या छाटायची, हे धोरण म्हणून टिकणारं नाही.

मात्र माझा आग्रह तिजोरीच्या हिशेबावर उभा नाही. पैशाच्याच भाषेत बोललो, तर उद्या हिशेब उलटला की आपली बाजूही उलटेल. या देशाच्या विद्यापीठांचा पायाच उघड्या दारांवर घातला गेला आहे, आणि ती ओळख जपण्यासारखी आहे.

१५७४ मध्ये लायडन शहराने स्पॅनिश सैन्याचा वेढा सोसला. दुसऱ्याच वर्षी, १५७५ मध्ये, स्पेनविरुद्धच्या बंडाचं नेतृत्व करणाऱ्या ऑरेंजच्या विल्यमने तिथे विद्यापीठ स्थापन केलं. या नव्या, बंडखोर, छोट्या देशाने आपलं विद्यापीठ मोठं करण्यासाठी बाहेरून माणसं आणली. फ्रान्समधून जोसेफ स्कॅलिजर आला, तो त्याच्या काळातला सर्वांत मोठा भाषापंडित. आजच्या उत्तर फ्रान्समध्ये जन्मलेला वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियस आला आणि त्याने लायडनचं वनस्पती उद्यान उभं केलं. ते आजही आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६२९ मध्ये फ्रानेकरला आणि १६३० मध्ये लायडनला विद्यार्थी म्हणून नाव घातलं. पुढे अमेरिकेचा सहावा राष्ट्राध्यक्ष झालेला जॉन क्विन्सी ॲडम्सही किशोरवयात, १७८१ मध्ये, लायडनमध्ये शिकला. आणि दुसऱ्या महायुद्धात देश जर्मन फौजांच्या ताब्यात असताना, २६ नोव्हेंबर १९४० रोजी, ज्यू प्राध्यापकांना काढून टाकल्याच्या निषेधार्थ याच विद्यापीठाच्या सभागृहात प्राध्यापक क्लेव्हरिंगा उघडपणे बोलले. त्यांना तुरुंगात जावं लागलं आणि विद्यापीठ बंद केलं गेलं. कुणाला वर्गात बसू द्यायचं आणि कुणाला नाही, या प्रश्नाला तिथे एवढी मोठी किंमत मोजलेली आहे.

महायुद्धानंतरचा काळ तर आपल्या आणखी जवळचा. विलेम स्कर्मरहोर्न हे मुक्त झालेल्या नेदरलँड्सचे पहिले पंतप्रधान. पेशाने भूमापनशास्त्रज्ञ, हवाई छायाचित्रांवरून नकाशे करण्याच्या शास्त्रातले अधिकारी. पंतप्रधानपद सोडल्यावर त्यांनी १९५० मध्ये डेल्फ्टला आयटीसी ही संस्था काढली. नव्याने स्वतंत्र होणाऱ्या देशांतल्या तरुणांना आपल्याच देशाचे नकाशे करता यावेत, हा तिचा उद्देश. तिच्याच मदतीने १९६६ मध्ये डेहराडूनला जी भारतीय संस्था उभी राहिली ती आज भारतीय सुदूर संवेदन संस्था म्हणून ओळखली जाते. उपग्रहचित्रांवरून दुष्काळ, जंगल, पीक यांचा अंदाज घेणाऱ्या कितीतरी भारतीय शास्त्रज्ञांच्या शिक्षणाची मुळं अशी नेदरलँड्समध्ये पोहोचतात. १९५२ मध्ये हेगला सामाजिक विकासाच्या अभ्यासाची संस्था निघाली. १९५७ मध्ये डेल्फ्टला पाण्याच्या अभियांत्रिकीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम सुरू झाला. त्याच्या चारच वर्षं आधी, १९५३ च्या महापुरात, नेदरलँड्समधली १,८३६ माणसं समुद्राने गिळली होती. त्या दुःखातून जे शिकले ते त्यांनी भारत, बांगलादेश, इंडोनेशिया, आफ्रिकेतल्या अभियंत्यांपुढे मांडलं.

पुण्याशी असलेला धागा याहून बारीक आहे, पण माझ्या मनात तो फार पक्का आहे. उट्रेख्टला यान खोंडा यांच्याकडे संस्कृत शिकलेले फान बौटेनेन १९५० च्या दशकात डेक्कन कॉलेजमध्ये आले आणि संस्कृतच्या महाकोशाच्या कामाला लागले. पुढे भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीवरून त्यांनी महाभारताचं इंग्रजी भाषांतर हाती घेतलं. पुणे विद्यापीठात एस. डी. जोशी यांच्या जोडीने रूडबर्गेन या डच अभ्यासकाने पतंजलीच्या महाभाष्याच्या एकेका आह्निकाचं भाषांतर आणि विवरण वर्षानुवर्षं केलं. आज ते ग्रंथ जगभरचे व्याकरणाचे अभ्यासक वापरतात. पुण्यात त्या डच माणसांना कुणी भाषेची परीक्षा देऊन या असं सांगितलं नव्हतं. ते आले, मराठी शास्त्रीबुवांसमोर बसले आणि शिकले. एका देशाचा अभ्यासक दुसऱ्या देशाच्या वर्गात बसतो तेव्हा काय घडू शकतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला देता येणार नाही.

आणि खोंडांच्याच उट्रेख्ट विद्यापीठाने २०२४ च्या अखेरीस जाहीर केलं, की फ्रेंच, जर्मन, इटालियन, केल्टिक, इस्लाम आणि अरबी, तसंच धर्माभ्यास या सहा पदव्या बंद करणार. शेजारच्या देशांच्या भाषा! लायडनला आशियाई आणि आफ्रिकी अभ्यासक्रमांवरही संकट आलं आणि तिथले विद्यार्थी, शिक्षक पेटून उठले. त्याच लायडनमध्ये शंभर वर्षांपूर्वी भारतविद्येसाठी केर्न संस्था निघाली. हेन्ड्रिक केर्न, ज्यांच्या नावाने ती आहे, ते काशीला शिकवून मग लायडनला संस्कृतचे पहिले प्राध्यापक झाले होते. विद्यार्थी घटले, कपात आली की आधी जीव जातो तो अशा छोट्या विषयांचा. त्यांचे वर्ग दहा-बारा मुलांचे असतात आणि त्यातली निम्मी बाहेरची असू शकतात. ती आली नाहीत की हिशेबतपासनीस म्हणतो, हे परवडत नाही. आणि एकदा बंद पडलेला संस्कृतचा किंवा अरबीचा विभाग वीस वर्षांनी पुन्हा सुरू करायचा म्हटलं, तर शिकवायला माणूस उरलेला नसतो.

परदेशी मुलांसाठी दारं बंद केल्यावर काय होतं ते डेन्मार्कने दाखवलं आहे. २०२१ मध्ये तिथल्या राजकीय पक्षांनी इंग्रजी अभ्यासक्रमांतल्या जागा मोठ्या प्रमाणावर कापल्या. दोनच वर्षांत उद्योगांना माणसं कमी पडू लागली, आणि २०२३ मध्ये त्यांनी पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी दरवर्षी हजाराहून जास्त इंग्रजी जागा पुन्हा उघडण्याचा निर्णय घेतला. उघडणं बंद करण्याइतकं सोपं नसतं. गेलेली मुलं तोपर्यंत जर्मनीला, फिनलंडला निघून गेलेली असतात.

आता आशेची बाब. बोलल्याने फरक पडतो, हे या दोन वर्षांत सिद्ध झालं आहे. मालीफेल्डच्या सभेनंतर काही आठवड्यांतच, डिसेंबर २०२४ मध्ये, सरकारला विरोधी पक्षांशी तडजोड करून शिक्षणावरची सुमारे ७५ कोटी युरोंची कपात मागे घ्यावी लागली. परदेशी विद्यार्थ्यांवरचा कपातीचा आकडाही खाली आला. २०२५ च्या उन्हाळ्यात तेव्हाचे शिक्षणमंत्री एप्पो ब्रुइन्स यांनी चालू असलेल्या इंग्रजी अभ्यासक्रमांना इंग्रजीच्या परवानगीसाठी लावायची चाचणी काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला. ऑक्टोबर २०२५ च्या निवडणुकीत डी-सिक्स्टीसिक्स हा शिक्षणाला झुकतं माप देणारा पक्ष पहिल्या क्रमांकावर आला. म्हणजे वारा पूर्ण विरोधात नाही.

पण त्याच वेळी, कायद्याची धास्ती टाळण्यासाठी विद्यापीठांनी स्वतःच इंग्रजी पदव्यांच्या जागांवर मर्यादा घालणं, काही मोठे इंग्रजी वर्ग गुंडाळणं, नवे न काढणं असे निर्णय घेतले. ते आपोआप मागे जाणार नाहीत. कुणी मागणी केली नाही तर ते कायमचे होतील. म्हणून आत्ता बोललं पाहिजे, आणि कुणी बोलायचं याबद्दल मी स्पष्टच सांगते.

इथे शिकत असलेल्या मुलांनो, आधी तुम्ही. डच शिका. बहुतेक विद्यापीठांत प्राथमिक डचचे वर्ग मोफत किंवा अल्प दरात असतात. तिथे पहिल्या सत्रातच नाव घाला. अभ्यास वाढला की पुढच्या सत्रात ते होत नाही. दुकानात, बसमध्ये, शेजारच्या आजींशी तोडकंमोडकं बोला. परदेशी विद्यार्थी आपल्या भाषेला कस्पटासमान मानतात, असं ज्या डच माणसाला वाटतं, त्याचं मत कुठल्याही अहवालाने बदलणार नाही. तुमच्या चार वाक्यांनी बदलेल. आणि विद्यापीठाच्या परिषदेची निवडणूक सोडू नका. २०१५ पासून अंदाजपत्रकाच्या मुख्य दिशेला या परिषदेची संमती लागते. तिच्यात विद्यार्थ्यांना जागा असते, परदेशी विद्यार्थी तिथे निवडून येऊ शकतात आणि येतातही. अभ्यासक्रमाची समिती तर त्याहून जवळची. कुठला विषय ठेवायचा, कुठला काढायचा, यावर तिथे बोलता येतं. आपली मुलं या जागांवर फारशी दिसत नाहीत. अभ्यास आणि आठवड्याचं सोळा तासांचं काम यांत वेळ उरत नाही हे मला माहीत आहे. तरीही वर्षातून चार बैठका काढा.

इथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनो, तुमच्याकडे दोन गोष्टी आहेत. एक, मत. पाच वर्षं सलग कायदेशीर वास्तव्य झालं की डच नागरिकत्व नसतानाही पालिका निवडणुकीत मतदान करता येतं. विद्यार्थी वसतिगृहाला जमीन द्यायची की नाही, हे पालिकाच ठरवते. उमेदवार दारात आला की त्याला तेवढं विचारा. दुसरी, खोली. मुलं मोठी होऊन बाहेर पडली असतील आणि घरात एक खोली रिकामी असेल, तर घरमालकाशी किंवा कर्ज देणाऱ्या बँकेशी आधी बोलून, नियम पाहून, ती एखाद्या विद्यार्थ्याला रास्त भाड्याने द्या. काही पालिका आता अशा भाड्याला प्रोत्साहन देतात. खोलीच्या टंचाईमुळे जे दार बंद होतंय, ते एकेका खोलीने किलकिलं करता येईल. आपले गणपती, दिवाळीचे कार्यक्रम होतात तिथे पुढच्या वर्षी शेजारच्या डच कुटुंबांना बोलवा, आणि त्यांच्यासमोर आपल्यातल्या एखाद्या विद्यार्थिनीला तिच्या संशोधनाबद्दल दहा मिनिटं बोलू द्या, डचमध्ये.

शिकून परतलेल्यांनो, तुमचं मौन सर्वांत महाग पडतंय. डेल्फ्टला पाण्याचं शास्त्र शिकून तुम्ही पाटबंधारे खात्यात धरणाची कामं केलीत, वाखेनिंगनहून येऊन बियाण्यांवर संशोधन केलंत, हेगला शिकून सरकारी योजनांची मूल्यमापनं लिहिलीत. तुमच्या विद्यापीठाचं माजी विद्यार्थी मंडळ तुमच्या पत्राची वाट पाहतं, कारण मंत्र्यांपुढे मांडायला त्यांना अशीच उदाहरणं लागतात. दोन पानांचं पत्र लिहा. तिथे काय शिकलात आणि इथे त्याचं काय झालं, एवढंच. डच सरकार कायद्यांचे मसुदे जाहीर करून लोकांची मतं मागवतं; २०२३ मध्ये या कायद्यावरही मागवली होती. पुढची फेरी येईल तेव्हा नेदरलँड्सबाहेर राहूनही तुम्हाला मत नोंदवता येईल. तेव्हा तुमचं पत्र तयार असू द्या.

आणि पालकांनो, इथलं राजकारण पाहून आधीच पाय मागे घेऊ नका. पण डोळे उघडे ठेवून पाठवा. मुलाचा अर्ज एजंटाच्या हाती न देता विद्यापीठाच्या स्वतःच्या पानावरून करा. प्रवेशपत्र आलं की त्याच दिवशी खोलीचा शोध सुरू करा, आणि खोली पाहिल्याशिवाय किंवा खात्रीच्या माणसाने पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. आणि निघण्याआधीच्या तीन महिन्यांत त्याला रोज अर्धा तास डच शिकायला बसवा.